टोमॅटोची माणात बदली

माण तालुक्यात कुठलीही अडचण सांगा, उत्तर एकच मिळतं : पाणी. पोराचं लग्न जमेना? पाणी नाही, पोरगी कोण देणार. गुरुजी बदली मागतात? पाण्यापायी. म्हैस आटली, सोसायटीचं कर्ज थकलं, आमदार पडला, तोच आमदार पुढच्या खेपेला निवडून आला, सगळ्याच्या मुळाशी पाणी. टक्कल पडलेला माणूसदेखील बोअरच्या क्षारांवर ठपका ठेवून टोपी सारखी करतो.

यात खोटं काही नाही. सातारा जिल्हा एकच, पण पश्चिमेला महाबळेश्वर, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आणि पूर्वेला आम्ही, चारशे-पाचशेत वर्ष काढणारे. तेवढाही रीतसर हप्त्यानं येईल तर शपथ. येतो तो एका रात्रीत, बांध फोडून, आणि सकाळी विचारपूस न करता निघून जातो. माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते आणि दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला करत भीमेला मिळते, असं भूगोलाच्या पुस्तकात आहे. आमच्या पिढीनं ती बहुतेक वेळा वाळूच्या रूपात पाहिली. पुढं तीही ट्रकमधून जाताना पाहिली.

मग हळूहळू पाणी यायला लागलं. उरमोडीचं आलं. कृष्णेचं जिहे-कठापूरहून नेरमार्गे आंधळीकडं आलं. आटपाडीला टेंभूहून आलं. टेंभू म्हणजे कऱ्हाडजवळचं, गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. सुधारक तिथून निघाले त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी तिथून पाणी निघालं. आमच्याकडं पाण्याचं स्वागत सुधारणेपेक्षा बरं झालं. काही गावांनी कुणाची वाट न बघता स्वतःच कुदळी उचलल्या. 2018 च्या वॉटर कपात पहिलं आलेलं टाकेवाडी आमच्याच तालुक्यातलं. एकूण काय, जिथं ज्वारी, बाजरी, मटकी आणि मेंढरं एवढाच कारभार होता, तिथं ठिबकच्या काळ्या नळ्या पसरल्या. आणि नळ्यांमागून टोमॅटो आला.

आता माण तालुक्याचा आणि साहेब या जातीचा संबंध जुना आहे. पावसाअभावी रानात काही येत नाही म्हटल्यावर इथल्या पोरांनी अभ्यास केला आणि कलेक्टर, पोलीस अधिकारी, तहसीलदार होऊन बाहेर पडली. इथं दुसरं काही पिकलं नाही तरी साहेब पिकतात. त्याउलट बाहेरचा साहेब इथं बदलून आला की त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. तो हजर व्हायचा, खुर्चीवर बसायचा, फायलींवर हात ठेवायचा, पण काम म्हणून काही पुढं सरकायचं नाही. त्याचा सगळा जीव परत जाण्याच्या अर्जात. टोमॅटो हा असाच बदलून आलेला साहेब आहे.

हजर व्हायला त्याची हरकत नसते. रोप फेब्रुवारीत लावा, आठवड्यात मान वर करतं. मार्चमध्ये पानं अशी हिरवीगार की रस्त्यानं जाणारा मोटरसायकल थांबवून विचारतो, "कुठलं वाण हाय?" मांडव उभा राहतो : बांबू, तार, सुतळी. मग पिवळी फुलं. घरधनी मनातल्या मनात कॅरेट मोजायला लागतो. आणि एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी सरीत पिवळा सडा पडलेला दिसतो. फूल देठाच्या गाठीपासून अलगद सुटलेलं. ना कीड, ना डाग, ना भांडण. साहेब कार्यालयात हजर आहेत, फक्त काम करत नाहीत.

टपरीवर ही बातमी गेली की पुढचा संवाद ठरलेला.

"आबा, फुलं गळाय लागल्यात."

"पाणी कमी पडलं आसंल."

"ठिबक चालू हाय की रोज."

"मंग जादा झालं आसंल."

पाण्याबाहेर कारण असू शकतं ही शक्यताच आमच्या डोक्यात शिरत नाही. दोन पिढ्यांनी एकाच गुन्हेगाराची फिर्याद दिलेली. तो हाताशी आल्यावर दुसरा कोणी असेल हे पटायला जड जातं. खरा आरोपी मात्र रात्री येतो.

टोमॅटोचं फूल संसाराला स्वयंपूर्ण असतं. नर-मादी एकाच फुलात, परागकण आतल्या नळीत भरून ठेवलेले, वाऱ्यानं फूल हललं की खाली झडतात आणि काम फत्ते. वाऱ्याची आमच्याकडं ददात नाही. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पण दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही बावीस-चोवीसच्या खाली यायला तयार नाही, असं सलग काही दिवस झालं की परागकण वांझ निघतात. शिवाय उन्हानं स्त्रीकेसर लांबून नळीच्या बाहेर डोकावतो, म्हणजे आत परागकण झडले तरी त्याच्या हाती लागत नाहीत. झाड हिशोब करतं, फळ धरणार नाही, मग फूल कशाला पोसायचं, आणि देठ सोडून देतं. दुपारच्या बेचाळीस अंशांत झाड तगून राहतं. त्याला हवी असते ती गार रात्र. दिवसभर कितीही छळा, रात्री एसी द्या, अशी त्याची मागणी.

याचं मूळ गाव बघितलं तर मागणी वावगी नाही. अँडीज पर्वताच्या आसऱ्याचा, पेरू-इक्वेडोरकडचा हा रानटी झुडपाचा वंश. मेक्सिकोत जाऊन नावारूपाला आला आणि पोर्तुगीजांच्या जहाजातून भारतात उतरला. किनाऱ्यावर उतरला तिथवर ठीक. त्याला शिखर शिंगणापूरच्या पायथ्याला, मे महिन्यात, मुरमाड रानात उभं करायचं कुणाला सुचलं हे इतिहासात नोंदलेलं नाही. पेरूतल्या माणसाला कावड खांद्यावर देऊन मुंगीघाटानं चढवावं तसलाच हा प्रकार.

गंमत अशी की रात्र गार की गरम, हे टोमॅटोखालोखाल कोणाला माहीत असेल तर ते आमच्या शेतकऱ्याला. कारण शेतीची थ्री फेज लाइट रात्रपाळीत असली की तो रानातच असतो. रात्री दोन वाजता मोटार चालू करायला जाताना अंगावर बनियन, हातात बॅटरी, मनात बिबट्या. मार्चमध्ये जाताना अंगावर काही घ्यावंसं वाटतं, मे महिन्यात असलेलं बनियनही काढावंसं वाटतं. एवढा थर्मामीटर अंगावर बाळगून तो सकाळी टपरीवर येतो आणि सांगतो, "पाण्याचाच काय तरी घोळ हाय."

फूल गळतंय म्हटल्यावर सल्ल्याचा हंगाम सुरू होतो, आणि त्याचं उत्पन्न मात्र एकरी भरघोस. औषधाच्या दुकानात जाऊन नुसतं "तंबाटं" म्हणायचा अवकाश, फळीवरून चार बाटल्या आपोआप खाली येतात. एक फुलासाठी, एक मुळासाठी, एक दोन्हींचं भांडण होऊ नये म्हणून, आणि चौथी कशाची ते दुकानदारालाही आठवत नाही, पण तिच्यावर स्कीम चालू असते. बाटलीवरचं फळ एवढं लालबुंद की त्याला खुद्द बाटलीच लागली असावी. कोणी सांगतं ताक फवारा. कोणी गूळ. एक तात्या झाडांना दुपारी गार पाण्यानं अंघोळ घाला म्हणतात. स्वतः तात्या प्यायचं पाणी टँकरनं आलेल्या दिवसांत वाढलेले आहेत, पण सल्ला देताना हात आखडत नाहीत. बुरशीला तर अशी अंघोळ म्हणजे घरबसल्या पंगत.

शिवाय गलाईवाले भाऊ. माण, खटाव, आटपाडी, खानापूर भागातली पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. कुठल्याही शहराच्या सराफकट्ट्याच्या मागच्या गल्लीत आमचा एक माणूस भट्टीपाशी बसलेला सापडेल. सोनं वितळायला 1064 अंश लागतात. त्या भट्टीशेजारी वर्षं काढलेला भाऊ यात्रेला गावी येतो आणि अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणतो, "लई उकडतंय गड्या तुमच्यात!" एरवी तो तमिळनाडूतून फोन करतो : "इकडं तक्काळी दीडशे रुपये किलो चाललीय. तुम्ही काय करताय तिथं बसून?" हा फोन फार महागात पडतो. कारण तो जुलैत येतो आणि ऐकणारा पुढच्या फेब्रुवारीत रोपं बुक करतो.

आता कोणी विचारेल, उन्हाळ्यात फळ धरत नाही हे कळलं, मग उन्हाळ्यात लावता कशाला? उत्तर सोपं आहे. कोणाचंच फळ धरत नाही म्हणून! सगळ्या मुलखात टोमॅटो फेल जातो तेव्हाच जून-जुलैत त्याला भाव असतो. ज्याच्या रानात तेव्हा चार कॅरेट निघाले तो राजा. म्हणजे पीक असं निवडायचं की जे येणार नाही, आणि प्रार्थना अशी करायची की ते फक्त आपल्याच रानात यावं. शेजाऱ्याचं भलं व्हावं असं म्हणायला या व्यवहारात जागाच ठेवलेली नाही.

2023 चं वर्ष या बाबतीत माणसाला कायमचं बिघडवून गेलं. त्या वर्षी मे महिन्यात टोमॅटो दोन-तीन रुपये किलोवर आला होता. तोडायची मजुरी निघेना म्हणून लोकांनी रस्त्याकडेला ओतला, जनावरांपुढं टाकला, काहींनी उभ्या पिकात रोटर फिरवला. आणि जुलैत तोच शंभर ओलांडून दीडशे-दोनशेकडं निघाला. केंद्र सरकारनं 90 रुपये किलोनं टोमॅटो विकायला काढला, मग 80, मग 70. मॅकडोनाल्डनं उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या दुकानांत बर्गरमधून टोमॅटो काढून टाकला. ऑगस्टमध्ये नेपाळहून आयात झाली. जुन्नरकडं नारायणगावच्या बाजारात टोमॅटोनं कोट्यधीश झालेल्या शेतकऱ्याच्या बातम्या आल्या, आणि त्या बातम्यांनी आमच्याकडं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या अळीनं केलं नसेल. मे महिन्यात ज्यानं रोटर फिरवला होता तो जुलैत त्याच रानाच्या बांधावर उभा राहून जे बोलत होता ते छापण्यासारखं नाही. सप्टेंबर उजाडेपर्यंत सगळ्यांनी लावलेला माल एकदम आला आणि भाव पुन्हा पायाशी.

भाव पडला की दलालाची पट्टी हे वाचनीय साहित्य होतं. वरच्या ओळीत वजन, मधल्या ओळींत हमाली, तोलाई, भाडं, आणि शेवटच्या ओळीत कधी कधी शेतकऱ्यानंच पैसे देणं निघतं. वीस किलोचं कॅरेट पुण्याला पाठवून वर पैसे भरायचे, म्हणजे आपल्या टोमॅटोनं आपल्या खर्चानं मार्केट यार्ड बघून यायचं.

बरं, समजा फळ धरलंच. साहेबांचा एक तरी शिपाई कामाला लागला. मग रंगाची गोष्ट निघते. टोमॅटोचा लाल रंग ज्या द्रव्याचा, ते लायकोपीन पारा तिशी-बत्तिशीच्या वर गेला की तयार होणं थांबतं. पिवळं द्रव्य मात्र होत राहतं. त्यामुळं मे महिन्यातलं फळ लाल होता होता मध्येच विचार बदलतं आणि केशरी-पिवळं राहतं. चवीला वाईट नसतं, पण व्यापाऱ्याला चव कशाला हवी? पानं कमी पडून ऊन थेट फळावर आलं तर खांद्यावर पांढरा चट्टा उठतो. पाण्यात एक दिवस खाडा, एक दिवस मारा झाला तर झाडाला चुना म्हणजे कॅल्शियम वेळेवर पोहोचत नाही आणि फळाचं बूड काळं पडतं. हा एवढाच एक रोग असा की ज्यात पाण्याला दोष देणाऱ्या आबांचं म्हणणं बरंचसं खरं ठरतं, आणि नेमकं तेव्हा आबा म्हणतात, "ही औषधाची खोट हाय."

रोगांना तर आमचं रान आवडतंच. कोरड्या उन्हात पांढरी माशी फोफावते आणि बोकड्या घेऊन येते; पानं अशी गोळा होतात की झाडानं मूठ आवळली. 2014 मध्ये महाराष्ट्रात टूटा नावाची नागअळी पहिल्यांदा सापडली. ही मूळची कुठली? दक्षिण अमेरिकेची! साहेबांच्या गावची. बदलून आलेल्या साहेबामागोमाग महिन्यात त्याचा मेव्हणा चिठ्ठी घेऊन हजर होतो हा अनुभव आम्हाला होताच, फक्त या मेव्हण्याला यायला तीन-चारशे वर्षं लागली. आणि 2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, तिरंगा आला. सातारा, नगर, नाशिक, पुण्याकडं फळं पिकेनात. एकाच फळावर हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा व्हायरस’ नाव दिलं. बेंगळुरूच्या संस्थेत तपासल्यावर काकडीवरचा मोझॅक विषाणू निघाला. तोवर हा माणसालाही होतो अशी आवई उठून गिऱ्हाईक पळालं होतं. झाडाचा विषाणू माणसाला होत नाही, हे सांगायला रस्त्यावर कोणी नव्हतं, सगळे घरात. देशाचा झेंडा अंगावर घेऊन आलेल्या फळाला किलोमागं दोन रुपये जास्त मिळायला हवे होते, मिळाला उकिरडा.

पण माणसं हरत नाहीत, उपाय करतात, आणि उपाय करताना गावाला करमणूक पुरवतात. कोणी चंदेरी-काळा मल्चिंग पेपर आणतो. चंदेरी बाजू वर ठेवायची असते, म्हणजे उजेड परतून पांढरी माशी बिचकते. काळी वर ठेवली तर उन्हाळ्यात रोपाचं बुड उकडून निघतं. पिवळे चिकट सापळे रानभर लटकतात आणि लांबून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची शंका येते. सोळा ओळींमागं एक ओळ झेंडूची लावा, फळ पोखरणारी अळी झेंडूकडं वळते, हा सल्ला खरोखर चांगला आहे, शिवाय दसऱ्याला झेंडूच टोमॅटोपेक्षा जास्त पैसे देऊन जातो असंही ऐकतो. भोवती मक्याची दाट ओळ असली की माशी अडते. आणि शेडनेट. उन्हाळी टोमॅटोला खरी सावली हवी ती यानंच मिळते, पण शेडनेट आणि वळीव यांचं वैर आहे. मे महिन्यात संध्याकाळी काळं आभाळ उठतं, आणि सकाळी एकाचं शेडनेट दुसऱ्याच्या बाभळीवर असतं. त्यावरून सुरू झालेलं भांडण मोजणीपर्यंत जातं, आणि मोजणीला येणारा माणूस रजेवर असतो.

या सगळ्या कारभाराला चिडवायला म्हणून प्रत्येक घराच्या मागं, मोरीच्या पाण्यावर, शेवग्याच्या सावलीत एक गावरान तंबाटीचं झुडूप उभं असतं. त्याला कोणी लावलेलं नसतं. खरकट्यातून पडलेलं बी. बोराएवढी फळं, पण भर एप्रिलातही झुबके. घरच्या म्हातारीचं म्हणणं, "आम्ही त्येला कधी औषिद दावलं न्हाई, म्हणून येतंय." म्हातारीचा आदर राखून सांगायचं तर कारण वेगळं आहे. लहान फळांची वाणं उन्हातही बऱ्यापैकी फळ धरतात, वर शेवग्याची गाळीव सावली, आणि मोरीचा ओलावा दिवसभर सारखा. शेडनेट, ठिबक आणि वाण या तिन्ही गोष्टी म्हातारीनं एकही अर्ज न करता मिळवल्या आहेत. फक्त ती फळं पुण्याला नेता येत नाहीत. कॅरेटमध्ये घातली की पुणं यायच्या आधी त्यांची चटणी होते.

विद्यापीठंही स्वस्थ बसलेली नाहीत. राहुरीनं धनश्री, भाग्यश्री, राजश्री, फुले राजा अशी वाणं दिली. बेंगळुरूनं अर्का रक्षक दिलं, ते बोकड्यासह तीन रोगांना तोंड देतं. नावांत ‘श्री’ भरपूर आहे. भावात आली की कळवू. पण कुठलंही वाण घेतलं तरी मे महिन्याची रात्र बदलून मिळत नाही. महाबळेश्वरकरांना गार हवा आहे म्हणून तिथल्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या उकाड्याला अजून कोणी मानांकन दिलेलं नाही, नाहीतर आम्ही तोच कॅरेटात भरून पाठवला असता.

तेव्हा माणदेशी मंडळींना एवढंच सांगणं : टोमॅटो पावसाळ्याच्या तोंडाला लावा, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा, उन्हाळीचा हट्टच असेल तर लागण जानेवारीत उरका, म्हणजे रात्री गार आहेत तोवर फळ धरून घेता येईल. फेब्रुवारी उजाडल्यावर गलाईवाल्या भावाचा फोन आठवला, तर रोपवाटिकेकडं न जाता त्याला उलटा फोन करून यात्रेला बोलवा. आणि मे महिन्यात आमटीला चिंच घाला. ती बांधावर आहे, तिला थ्री फेज लागत नाही, आणि तिची पट्टी कधी उणे येत नाही.